इंजिनात नट पडला? आधी चावी काढून खिशात टाका

टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं सगळ्यात वरचं झाकण, उघडलंय, हात तेलकट झालेत, १० च्या पान्यातून नट सटकतो, टिंग, टिंग, टक, आणि मग एकदम शांत. ज्याने ट्रकवर काम केलंय त्याला तो शेवटचा टक झोपेत पण ओळखू येतो. माझं कणकवलीजवळ हायवेला गॅरेज आहे, चिऱ्याच्या (बांधकामाच्या लाल दगडाच्या) गाड्या, वाळूच्या, मासळीच्या, एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला जाणाऱ्या, सगळ्या येतात, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या हातून पण नट-वायसर आत गेलेत. जे लोक स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करतात त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण आपल्याकडे करूळ नाहीतर फोंडा घाटाच्या पायथ्याशी गाडी बंद पडली तर मेस्त्री येईपर्यंत दुपार होते आणि तोवर माणूस स्वतःच पाना घेऊन चढतो.

पहिली गोष्ट. सेल्फ, म्हणजे स्टार्टर, मारायचा नाही. "एकदा फिरवून बघू, बाहेर फेकला जाईल" हे वाक्य ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटलं त्याने कितीतरी हेडं, म्हणजे सिलेंडरवरचे व्हॉल्व्हवाले ठोकळे, खाल्ली असतील. डिझेल इंजिनात पिस्टन एकदम वर येतो तेव्हा त्याच्या आणि हेडच्या मध्ये एक एमएमच्या आसपास जागा उरते, बाकी सगळी जागा पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत. आणि १० च्या पान्याचा नट म्हणजे ६ एमएमच्या बोल्टचा नट, त्याची जाडीच ५ एमएम. मग ते ५ एमएम कुठं जाणार? पिस्टनमध्ये रुतणार, नाहीतर हेडला खड्डा पाडणार, नाहीतर व्हॉल्व्ह वाकवणार, आणि तुकडे झाले की लायनरवर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या नळीवर, रेघा. माझ्याकडे एक गाडी अशी आली होती, ऐन आंब्याच्या दिवसात, मालक सांगत होता फक्त अर्धा सेल्फ मारला हो. अर्ध्या सेल्फमध्ये नोझलची, म्हणजे डिझेल आत फवारणाऱ्या पिचकारीची, टोपी तुटली होती आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चमच्यासारखा वाकला होता.

मी ज्यांच्याकडे शिकलो ते म्हातारे मेस्त्री, पोराने "मेस्त्रीनू, नट गेलो" म्हटलं की एकच बोलायचे, "चावी माका दी आणि गप रव." चावी खिशात, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, मग पुढचं. हे नाटक नाही, केबिनमध्ये झोपलेला क्लीनर उठून गाणी लावायला चावी फिरवतो हे मी पाहिलंय.

अजून एक गोष्ट जी लोक विसरतात, आपला सगळा मुलूख उताराचा. गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली असेल आणि ती वीतभर जरी सरकली तरी इंजिन फिरतं. म्हणून गाडी न्यूट्रल, हँडब्रेक, आणि चाकांना पुढून मागून चिरा लावा. चिरा आपल्याकडे रस्त्याच्या कडेला कुठंही मिळतो, त्याला काय तोटा नाही.

आता शोधायचं. पण आत नाही, आधी बाहेर. ट्रकच्या इंजिनाला इतक्या कपारी असतात की दहा वेळा पडलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच वेळा ती आत गेलेलीच नसते. माऊंटिंगच्या वरच्या खोबणीत, क्रॉस मेंबरवर, डिझेल पंपाच्या मागे, सेल्फच्या अंगावर, वायरिंगच्या झुपक्यात, फॅनच्या काउलमध्ये, स्टिअरिंग बॉक्सवर. गाडीखाली ताडपत्री नाहीतर जुना बॅनर टाका, मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. लाल मातीत पडलेला नट लाल मातीसारखाच दिसतो, त्यामुळे गाडीखालच्या जमिनीवरून मॅग्नेट फिरवा, डोळ्यावर विश्वास नको. माझी स्वतःची फजिती सांगतो, एकदा टाटाच्या एका ६९७ इंजिनावर टॅपेट सेटिंग करताना स्प्रिंग वायसर गेला, मी इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर पूर्ण खाली घेतलं, तीन तास, ऑइल अंगावर, बायकोचे चार फोन, आणि शेवटी हात धुवायला वाकलो तर शर्टाच्या दुमडलेल्या बाहीतून वायसर मोरीत पडला. तेव्हापासून माझ्याकडे नियमच आहे, आधी खिसे, बाह्या, चपला, मग गाडीचं बाहेरचं, मग आत.

बाहेर नाही सापडला तर पान्याला हात लावायच्या आधी दोन प्रश्न. काय पडलं, आणि कुठल्या भोकातून पडलं. या दोन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं, आणि नव्वद टक्के लोक इथंच घाई करतात, हातात मॅग्नेट आहे म्हणून सगळ्या भोकात मॅग्नेट घालत सुटतात.

काय पडलं ते बघायला त्याचा जोडीदार घ्या. एक नट पडला तर तसाच दुसरा नट हातात असतो ना, त्याला मॅग्नेट लावून बघा. चिकटला तर अर्धी चिंता गेली. तांब्याचा वायसर, पितळेची बुश, ॲल्युमिनियमचा तुकडा, रबरची ओ रिंग, प्लॅस्टिकची क्लिप, ऑइलच्या कॅनच्या तोंडावरचं चंदेरी सील, यातलं काहीच मॅग्नेटला येत नाही. स्टीलचे नट पण सगळे येत नाहीत, मासळीवाल्या गाड्यांना गंज नको म्हणून स्टेनलेसचे नट बोल्ट लावतात त्यातले बरेचसे मॅग्नेटला दाद देत नाहीत, तासभर मॅग्नेट फिरवून कळतं की आपण वेडे. आणि वस्तू तुटून पडली असेल, समजा सर्किप (स्प्रिंगची गोल क्लिप) किंवा फिलर गेजचं (फट मोजायच्या पट्टीचं) पान, तर हातात उरलेले तुकडे एका कागदावर जुळवून ठेवा, किती कमी आहे ते दिसतं. दोन तुकडे काढून खूश झालात आणि तिसरा आतच राहिला असं नको.

आता भोकं.

एअर फिल्टर किंवा टर्बोची होज काढलेली असताना पडलं तर आधी टर्बोच्या तोंडात टॉर्च मारा. इंजिन बंद असेल तर वस्तू बहुतेक तिथंच कॉम्प्रेसरच्या पंख्यापाशी बसलेली असते, चिमट्याने निघते. पंखा ॲल्युमिनियमचा असतो आणि चालू इंजिनात लाखाच्या घरात आरपीएमने फिरतो, तिथं वाळूचा मोठा कण सुद्धा पात्याचं टोक खातो. म्हणून काढल्यावर पंखा बोटाने हलकेच फिरवा, अडकत नाही ना, घासत नाही ना, पात्यांची टोकं सरळ आहेत ना. टर्बोच्या पुढच्या होजमध्ये पडलं असेल तर ते घरंगळत इंटरकूलरकडे गेलेलं असतं, होज काढून झटका, तरी नाही निघालं तर इंटरकूलर उतरवून उलटा करा. कंटाळवाणं काम आहे पण अवघड नाही.

इनलेट मॅनिफोल्ड उघडा असताना पडलं तर जरा डोकं चालवायला लागतं. सहा सिलेंडरच्या इंजिनात कुठल्याही क्षणी साधारण दोन सिलेंडरचे इनलेट व्हॉल्व्ह उघडे असतात. टॅपेट कव्हर काढलं की कुठल्या रॉकरने कुठला व्हॉल्व्ह दाबलाय ते डोळ्याने दिसतं. वस्तू ज्या पोर्टमध्ये गेली तिथला व्हॉल्व्ह बंद असेल तर ती व्हॉल्व्हच्या पाठीवर बसलीये, तिथून मॅग्नेटने किंवा चिमट्याने निघेल. उघडा असेल तर आत गेली असू शकते. आणि म्हणूनच परत सांगतो इंजिन फिरवू नका, कारण आज बंद असलेला व्हॉल्व्ह अर्ध्या फेऱ्याने उघडेल आणि वरची वस्तू गपकन आत. मॅनिफोल्ड काढता येत असेल तर काढा, एक पॅकिंग जाईल, त्याची किंमत हेडच्या पॅकिंगपुढे काहीच नाही.

नोझलच्या भोकातून पडलं तर ते थेट पिस्टनच्या डोक्यावर. यात सगळ्यात जास्त वेळा जातं ते तांब्याचं वायसर, नोझल बाहेर ओढताना ते खाली चिकटून राहतं आणि मग आपण त्याला खुपसत बसतो आणि ते सटकून आत जातं. बघा, आधी ते खरंच आत गेलंय की भोकाच्या तळाशी सीटवर चिकटलंय ते टॉर्चने बघा, काळं पडलेलं असतं त्यामुळे सीट आणि वायसर एकच दिसतं. चिकटलेलं असेल तर त्याच्या भोकापेक्षा किंचित मोठा टॅप (आटे पाडायचा) किंवा लांब स्क्रू घेऊन हलक्या हाताने दोन आटे बसवा आणि सरळ वर ओढा, तांबं मऊ असतं, आटा धरतं. जोर खाली द्यायचा नाही, फिरवायचं फक्त.

खरंच आत गेलं असेल तर पिस्टन कुठं आहे ते महत्त्वाचं. ६९७ हे नावच बघा, ६ सिलेंडर आणि ९७ एमएमचा बोअर. त्याचा स्ट्रोक १२८ एमएम. म्हणजे पिस्टन खाली असेल तर वस्तू हेडच्या खाली जवळजवळ १३ सेंटीमीटर खोल, ९७ एमएमच्या गोल विहिरीत, आणि तुम्ही वरून बोटाएवढ्या भोकातून चाचपडताय. पिस्टन वर आणला की तीच वस्तू हाताशी येते. म्हणून सगळे नोझल काढा म्हणजे कॉम्प्रेशनचा विरोध राहत नाही, आणि क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून हाताने, अगदी हळू, चालण्याच्या दिशेने फिरवा. ज्या सिलेंडरमध्ये पडलंय त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्ट्रोकवर आणायचं, म्हणजे वस्तू पोर्टमध्ये घरंगळणार नाही. ओळखायचं कसं, या इंजिनांची फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, जोड्या १ आणि ६, ५ आणि २, ३ आणि ४. समजा १ नंबरमध्ये पडलंय, तर ६ नंबरचे दोन्ही रॉकर हलायला लागले, एक सुटतोय एक दाबतोय, की १ नंबर कॉम्प्रेशनवर वर येतोय आणि त्याचे दोन्ही रॉकर ढिले लागतील. टॅपेट सेटिंग करणाऱ्याला हे पाठच असतं.

पण पूर्ण टॉपला नेऊ नका. वस्तू वाटीत पडली असेल तर नशीब, वाटीच्या बाहेर काठावर असेल तर हेडला चिमटणार. पाना हातात असताना जराशी पण कडक लागलं की थांबा आणि थोडं मागे घ्या, टॉमी (लांब दांडा) लावून रेटू नका. अधूनमधून कॅमेरा घालून बघत वर आणायचं.

कॅमेरा म्हणजे मोबाईलला लागतो तो वायरवाला, टोकाला बारीक लाईट असतो, साडेपाच एमएमचा मिळतो, ऑनलाईन पण मिळतो. याच्यावर पैसे खर्च करा बाबांनो. पूर्वी आम्ही आरसा आणि टॉर्च घेऊन अंदाजाने काम करायचो, आता पोरगं मोबाईलवर बघतं आणि सांगतं "वाटीच्या डाव्या बाजूक आसा". कॅमेऱ्याच्या वायरलाच आकडा नाहीतर बारकं मॅग्नेट टेपने बांधलं की बघता बघता उचलता येतं. फक्त टेप नीट बांधा, कॅमेऱ्यावरचं मॅग्नेट सुटून आत पडलं की एकाचे दोन झाले.

मॅग्नेटचं एक रहस्य सांगतो जे कोणी सांगत नाही. रेडिओच्या एरियलसारखं लांब होणारं मॅग्नेट असतं ना, ते भोकात घातलं की बाजूच्या लोखंडाला चिकटत चिकटत जातं, नटापर्यंत पोचतच नाही, आणि नट धरला तरी वर येताना भोकाच्या काठाला घासून पडतो. त्याला उपाय, मॅग्नेटच्या बाजूने प्लॅस्टिकची नळी चढवा नाहीतर इन्सुलेशन टेपचे आठ-दहा वेढे द्या, फक्त तळ उघडा ठेवा. मग ते सरळ खाली जातं. आणि बारीक चुरा काढायचा असेल, म्हणजे गंजाचे पोपडे किंवा ड्रिलची कीस, तर मॅग्नेटवर रबरच्या हातमोज्याचं बोट कापून घाला, काम झालं की बोट उलटं करून ओढायचं, सगळा चुरा त्यातच राहतो, नाहीतर मॅग्नेट साफ करता करता संध्याकाळ.

मॅग्नेटला न येणाऱ्या वस्तूंना आपला जुना उपाय, माडाची हीर. खराट्यातली सुकलेली नको ती मोडते, ताज्या झापाची ओली हीर घ्या, लवचिक असते, लायनरला ओरखडा पडत नाही, टोकाला बेअरिंगचं घट्ट ग्रीस लावा आणि वायसरवर दाबून हळू वर घ्या. हलक्या वस्तूला चालतं, ओ रिंग, तांब्याचं पातळ वायसर, पॅकिंगचा तुकडा. आमचे म्हातारे मेस्त्री फणसाचा चीक लावायचे, तो खरंच जबरदस्त धरतो, पण वस्तू तेलकट असेल तर चीक काय कामाचा नाही आणि इंजिन गरम असेल तर पातळ होतो, शिवाय हातावरून निघायला खोबरेल तेल लागतं ते वेगळंच. जड आणि मॅग्नेटला न येणारं, समजा स्टेनलेसचा नट, त्याला चार नखांचा पिकअप टूल, मागचं बटण दाबलं की नखं उघडतात तो. तो नखांनी पकडला की बटण सोडून सरळ वर, हिसका नको.

व्हॅक्यूम क्लीनर पण चालतो, त्याच्या पाईपला बारकी नळी टेपने जोडायची, वायपरच्या पाण्याची असते तसली. माती, कार्बन, पॅकिंगचे कण याने छान निघतात. नळीच्या तोंडापाशी बनियनच्या कापडाचा तुकडा ठेवला तर काय आलं ते कळतं. पण आत डिझेल साचलेलं असेल, किंवा कोणी पेट्रोलने धुतलं असेल, तर व्हॅक्यूम बिलकुल लावू नका, मोटरमध्ये ठिणगी असते. हवा मारायची पद्धत मला फारशी आवडत नाही, कारण हवेने वस्तू बाहेरच येईल असं काही नाही, ती उघड्या व्हॉल्व्हमधून पोर्टमध्ये जाऊन बसते आणि आपण समजतो साफ झालं. मारायचीच तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून, वाकड्या नळीने, भोकावर कापड धरून आणि डोळ्याला चष्मा लावून. एका पोराच्या डोळ्यात कार्बन गेलेला मी बघितलाय, महिनाभर डोळा लाल होता.

टॅपेटच्या बाजूने पडलं तर ते सिलेंडरमध्ये जात नाही, ही त्यातल्या त्यात बरी बातमी. तिथून रस्ते दोन, ऑइल परत जायची भोकं आणि पुशरॉडची, म्हणजे खालून रॉकर उचलणाऱ्या दांड्यांची, भोकं. नट पुशरॉडच्या बाजूने खाली गेला तर टॅपेटच्या खणात थांबतो नाहीतर पार चेंबरमध्ये जातो. मधे थांबला तर धोका जास्त, कॅम आणि टॅपेटच्या मध्ये आला की कॅमच खाईल. पुशरॉड वर काढून त्याच भोकातून मॅग्नेट घाला, पण पुशरॉड काढताना खालचा टॅपेट त्याला ऑइलने चिकटून येतो, पुशरॉड गोल गोल फिरवून सोडवा मग उचला, आणि कुठला कुठल्या भोकातला ते क्रमाने ठेवा, पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात खोचले की झालं.

चेंबरमध्ये गेला असेल तर घाबरायचं नाही पण सोडून पण द्यायचं नाही. बरेच जण म्हणतात राहू दे, जाळी आहे ना ऑइल पंपाला, नट कुठं जाणार. नट जाळीतून जाणार नाही हे खरं, पण घाटात गाडी उतरताना चढताना ऑइल हिंदकळतं आणि त्याबरोबर नट पण, क्रँकच्या फटक्यात आला तर? आणि ऑइलच्या कॅनचं ते चंदेरी सील किंवा कापडाचा तुकडा असेल तर तो सरळ जाळीवर जाऊन चिकटतो, ऑइलचं प्रेशर पडतं, आणि ते कळेपर्यंत बेअरिंग गेलेले असतात. माझ्या मते मऊ वस्तू नटापेक्षा वाईट. तर ऑइल गरम असताना, उकळतं नाही, चेंबरच्या तळाचा नट खोलून ऑइल चहाच्या गाळणीतून बादलीत सोडा. गाळणी जुनी घ्या, घरातली नेलीत तर मी जबाबदार नाही. नाही आलं तर नटाच्या भोकातून वाकडं मॅग्नेट घालून तळ चाचपा, कॅमेरा घाला, तरी नाही तर चेंबर उतरवा. चेंबर उतरवलं की पंपाची जाळी पण धुवा, नवीन पॅकिंग, नवीन ऑइल, नवीन फिल्टर.

सेल्फ काढलेला असताना काही पडलं तर ते फ्लायव्हीलच्या घरात गेलं. तिथं पण सेल्फ बसवून मारू नका, रिंग गिअर आणि घराच्या मध्ये बोल्ट आला की घराला तडा जातो. सेल्फच्याच भोकातून आणि खालच्या झाकणातून मॅग्नेट घाला, फ्लायव्हील हाताने थोडं थोडं फिरवत.

आता ज्याला कोणी ऐकायला तयार नसतं ते. कधी कधी हेड उतरवायलाच लागतं. सेल्फ मारून झालाय आणि ठोका ऐकू आलाय, किंवा कॅमेऱ्यात पिस्टनवर ताजा चकाकता खड्डा दिसतोय, किंवा लायनरवर उभी रेघ आहे, किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा मोजणीत कमी आहे आणि दिवसभर शोधून मिळत नाही. अशा वेळी अजून दोन दिवस भोकातून खुपसण्यापेक्षा हेड घ्या. आणि गाडी नवीन असेल, बीएस ६ या प्रदूषण नियमाची म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर नोझलच्या कामाला रस्त्यावर हातच लावू नका. नोझलला येणाऱ्या डिझेलच्या पाईपमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं, इंजिन बंद केल्या केल्या नट सैल केला तर डिझेलची धार कातडीतून आत जाते, आणि तिथं आत गेलेला धुळीचा एक कण पण नवीन नोझलचा खर्च करून देतो. एअर फिल्टर, टर्बोची होज, इथपर्यंत ठीक.

पावसाचं पण सांगायला पाहिजे. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते म्हणून मासळीच्या गाड्या तेव्हाच कामाला येतात, आणि तेव्हा हवेतच पाणी असतं. वस्तू आत पडलीये आणि उद्या बघू म्हणून गाडी उघडी ठेवली तर लोखंडी नट दोन-तीन दिवसात लायनरवर गंजाचा डाग पाडतो. थांबायचंच असेल तर भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, भोक बुचाने बंद करा, वर प्लॅस्टिक बांधा, आणि स्टिअरिंगवर चिठ्ठी लावा की इंजिन फिरवू नये. मासळीच्या गाड्यांना अजून एक, बर्फाचं खारं पाणी गळून गळून सगळ्या नटांवर गंजाचे पोपडे धरलेले असतात, नोझल सैल करायच्या आधी ब्रशने घासून, डिझेलने धुवून, हवा मारून घ्या. चिऱ्याच्या गाडीत तेच काम लाल धूळ करते. नट पडला तर आपल्याला आवाज तरी येतो, धूळ आणि पोपडे गुपचूप आत जातात.

भोकं बंद करायला वेस्टचे (पुसायच्या सुती दोऱ्यांचे) बोळे वापरू नका, दोरे सुटतात. स्वच्छ बनियनचं कापड घ्या आणि त्याला लांब रंगीत सुतळी बांधा, सुतळीचं टोक बाहेर लोंबलं पाहिजे. बोळाच आत विसरलेली गाडी मी उघडलीये, मॅनिफोल्डमध्ये अख्खं फडकं होतं आणि मालक दोन महिने पिकअप नाही म्हणून डिझेल पंप बदलत होता.

वस्तू सापडली की काम संपलं असं नाही. आधी जुळवा, जेवढं गेलं तेवढं आलं का. मग नोझल अजून बाहेरच ठेवून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, दोन, कारण चारही स्ट्रोक व्हायला क्रँकचे दोन फेरे लागतात आणि एका फेऱ्यात काही व्हॉल्व्ह उघडलेलेच नसतात. सगळीकडे सारखं लागलं पाहिजे, कुठंही टोचल्यासारखं नको. मग डिझेलचं स्टॉप ओढून, नोझलच्या भोकांवर कापड टाकून, बाजूला उभं राहून सेल्फ दोन-तीन सेकंद, कापडावर काय उडालं ते बघा. मग नवीन तांब्याचे वायसर टाकून नोझल बसवा, जुने परत नको, आणि मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच टाईट करा.

चालू केल्यावर पाच मिनिटं आयडलला ठेवा, ऑइलचं प्रेशर बघा, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडवर आणि मूठ कानाला लावून एकेक सिलेंडर ऐका. टक टक एकाच सिलेंडरमधून येत असेल तर बंद करा. नसेल तर गाडी रिकामीच ओरोसपर्यंत नेऊन आणा, लगेच चिरे भरून घाटात घालू नका. चेंबरमध्ये काही गेलं होतं असं असेल तर पुढच्या ऑइलला थांबू नका, दोन-तीन ट्रिपनंतर फिल्टर काढून पत्रा कापा, आतला कागद पसरून उन्हात धरा. चमकणारे कण दिसले तर मला फोन करण्याआधी गाडी बाजूला लावा.